अकरा पुस्तकांची यादी आणि पंधरवड्याचे तीन तास

प्रश्न: गेलं दीड वर्ष मी मित्रमैत्रिणींसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, पात्रांच्या भूमिका घेत खेळायचा गेम (आरपीजी) चालवतोय. म्हणजे गोष्ट आणि नियम मी, जीएम, सांभाळतो आणि खेळाडू आपापली पात्रं खेळतात. पाचवी एडिशन, २०१४ची तीन मुख्य पुस्तकं. मी आणि चार खेळाडू, दर दुसऱ्या रविवारी तीन तास. सुरुवातीला तीन पुस्तकं पुरत होती. मग खेळाडूंसाठीच्या जादा पर्यायांची दोन पुस्तकं घेतली. मग अडीचशे पानांची एक कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी छापील गोष्ट घेतली, ती तिसऱ्या प्रकरणात अडकून पडली आहे. आता यादीत अकरा पुस्तकं आहेत: २०२४ची नवी तिन्ही, आणखी दोन मॉन्स्टरांची, एक सेटिंगचं, म्हणजे खेळातल्या जगाच्या वर्णनाचं, एक कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या आरपीजीचं, आणि उरलेली चार रिव्ह्यू बघत बघत घातलेली. आमच्यातला एक जण म्हणतो, सप्लिमेंट, म्हणजे पुरवणी पुस्तकं, नसतील तर गेम अर्धाच खेळल्यासारखा आहे. त्याला असा सबक्लास (पात्राच्या क्लासचा, म्हणजे पेशाचा, उपप्रकार) हवाय जो आमच्यापैकी कुणाच्याच पुस्तकात नाही. आणि एका मैत्रिणीला स्वतः गेम चालवून बघायचाय, तिला कोणतं पुस्तक देऊ? सगळं घेणं शक्य नाही. कुठून सुरुवात करू?
— अकरांत अडकलेला

उत्तर:

तुमची यादी वाचण्याआधी माझी नजर एका वाक्यावर थांबली: दर दुसऱ्या रविवारी तीन तास. वर्षाला असे सव्वीस रविवार येतात. कुणी आजारी पडतं, कुणाची परीक्षा येते, कुणी प्रवासात असतं, म्हणून वीस धरू. साठ तास झाले. तुमच्या अकरा पुस्तकांना वर्षभरात टेबलावर मिळणारी जागा एवढीच, आणि त्यात आधीची सहा पुस्तकं वाटेकरी आहेतच.

म्हणून ‘हे पुस्तक चांगलं आहे का’ हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारते. आधी विचारते की हे वाचणार कोण आणि कोणत्या रविवारी उघडणार. आरपीजीचं पुस्तक कुणासाठीही लिहिलेलं असो, त्याचा भार शेवटी जीएमवरच येतो. खेळाडूंच्या पर्यायांचं पुस्तक आणलं की खेळाडू त्यातली स्वतःपुरती चार पानं वाचतो. त्या चार पानांतली शक्ती एका फेरीत किती वेळा वापरता येते, तुमच्या मॉन्स्टरवर ती कशी चालेल, आधीच्या कोणत्या नियमाशी तिचं भांडण होईल, हे मात्र तुम्हाला ठाऊक असावं लागतं. चार खेळाडूंनी चार वेगवेगळ्या पुस्तकांतून निवड केली तर चारही पुस्तकं तुमच्या डोक्यात हवीत. मी बरीच वर्षं गेम चालवते आहे. या काळात दोनदा मला चालवणं नकोसं झालं होतं. दोन्ही वेळा तयारीची संध्याकाळ गोष्ट रचण्यात न जाता नियम शोधण्यात जात होती, आणि दोन्ही वेळा माझ्या शेल्फवर नुकतीच नवी पुस्तकं आली होती.

तेव्हा पुढच्या तीन सेशनपर्यंत काहीच घेऊ नका. एक वही जवळ ठेवा. खेळ चालू असताना जिथे अडाल तिथे एक ओळ लिहा: काय हवं होतं आणि सापडलं नाही. तीन सेशननंतर मोजा.

माझ्या एका समुद्री कॅम्पेनच्या वेळी मला ठाम वाटत होतं की जहाजांच्या लढाईच्या नियमांचं पुस्तक घ्यायलाच हवं. नोंदी मोजल्या तर जहाजांची लढाई एकदाच झाली होती, आणि ती हाताशी होत्या त्या नियमांवर निभावली होती. ‘या खलाशाचं नाव काय’ यावर मी सात वेळा अडले होते. ‘या बंदरात काय मिळतं, इथे कुणाची सत्ता आहे’ यावर पाच वेळा. मला हवे होते ते तक्ते, आणि मी विकत घ्यायला निघाले होते नियम. तक्त्यांसाठी केविन क्रॉफर्ड यांचं ‘वर्ल्ड्स विदाउट नंबर’ अजूनही माझ्या हाताशी असतं. त्याची मोफत आवृत्ती मिळते, आणि राज्यं, अवशेष, वस्त्या, त्यांच्यातले वाद हे सगळं फासे टाकून उभं करण्याचे त्यातले तक्ते कोणत्याही गेमला चालतात. तुमच्या वहीत काय निघेल ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण ते तुमच्या यादीतल्या अकरांपैकी कशाशीही जुळलं नाही, तरी गोंधळू नका. यादी रिव्ह्यू बघून झाली आहे, वही तुमच्या टेबलावर झालेली असेल.

आता मित्राचं म्हणणं, की सप्लिमेंटशिवाय गेम अर्धा. ते मला एकदम उडवून लावायचं नाही, कारण इतिहासात त्याला थोडा आधार आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा गेम १९७४मध्ये आला तेव्हा एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या. त्यात चोराचा क्लासच नव्हता. तो आला १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पहिल्या सप्लिमेंटमध्ये. प्रत्येक शस्त्राचं वेगळं नुकसान मोजायची पद्धतही त्याच पुस्तिकेने आणली. म्हणजे आज ज्याला आपण मूळ गेम समजतो त्यातला मोठा भाग कधीकाळी पुरवणीच होता. पण पुढे काय झालं तेही बघा. जे खरंच सगळ्यांना लागत होतं ते नंतरच्या मुख्य पुस्तकांत गेलं. पाचव्या एडिशनच्या मुख्य पुस्तकांमागे चाळीस वर्षांची ही चाळणी आहे. १९७५च्या खेळाडूला सप्लिमेंटशिवाय चोर खेळता येत नव्हता. तुमच्या मित्राला चोर खेळता येतो, त्याला चोराचा आणखी एक प्रकार हवा आहे. हवा असण्यात गैर काही नाही, पण त्यावाचून गेम अर्धा राहत नाही.

त्याच्या सबक्लासचं मी असं करेन. हवा असेल तर ते पुस्तक त्याने घ्यावं आणि सेशनला घेऊन यावं. तुम्ही त्यातली फक्त त्या सबक्लासची पानं वाचा, बाकीचं पुस्तक तुमच्या टेबलावर लागू झालंय असं समजू नका. दोन सेशन चालवून बघायचं, जमलं तर ठेवायचं, नाही तर तो दुसरं काही निवडेल, हे आधीच बोलून घ्या. पुस्तक कुणाचं आणि परवानगी कुणाची हे सुरुवातीला स्पष्ट असलं की नंतर मन दुखत नाही.

२०२४च्या तीन पुस्तकांवर लोक फार तावातावाने भांडतात, पण तुमच्यापुरता निर्णय सोपा आहे. चालू कॅम्पेन मध्येच नव्या नियमांवर नेऊ नका. नवी पुस्तकं जुन्यांबरोबर चालतील अशी प्रकाशकांची भूमिका आहे आणि बहुतेक ठिकाणी ते खरंही ठरतं, पण एकाच टेबलावर दोघांकडे जुना क्लास आणि दोघांकडे नवा असला की तीच जादू दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेली सापडते, आणि निवाडा दर वेळी तुम्हाला करावा लागतो. ही कॅम्पेन संपली आणि सगळ्यांना बदल हवा असला तर आधी एसआरडी ५.२ उतरवून घ्या. तो २०२४च्या नियमांचा मोफत गाभा आहे, २०२५मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झालेला. प्रत्येक क्लासचा त्यात एकच सबक्लास आहे, पण नियम कसे बदलले ते कळायला तेवढं पुरतं. दोन सेशन त्यावर खेळा. सगळ्यांना आवडलं तर खेळाडूंचं नवं पुस्तक घ्या. त्यात बारा क्लासचे मिळून अठ्ठेचाळीस सबक्लास आहेत आणि शस्त्रांच्या विशेष कौशल्यांचा नवा नियम आहे, तो लढवय्या खेळाडूंना फार आवडतो. जीएमचं नवं पुस्तक घेण्याची घाई नको. तुम्ही दीड वर्ष गेम चालवताय, त्यातला पुष्कळ सल्ला तुम्ही अनुभवातून शिकलेला असेल.

एडिशनच्या भीतीने मात्र काही घेऊ नका आणि घेतलेलं टाकूही नका. तिसरी एडिशन २०००मध्ये आली आणि २००३मध्ये तिची सुधारित ३.५ आली, तीन वर्षांत. ज्यांनी त्या तीन वर्षांत शेल्फ भरलं त्यांना वाईट वाटलं असणार. पण त्यांची पुस्तकं चालायची थांबली नाहीत. तुमच्या २०१४च्या पुस्तकांवर आणखी दहा वर्षं खेळलात तरी तुम्हाला अडवायला कुणी येणार नाही.

मॉन्स्टरांची दोन जादा पुस्तकं यादीतून काढा. तुमच्याकडे आहे त्या पुस्तकात टेबलावर येऊन गेलेल्या प्राण्यांपुढे पेन्सिलीने खूण करा. दीड वर्षात चाळीस खुणा झाल्या तरी खूप झाल्या. उरलेल्यांपैकी कुणालाही नवं रूप देता येतं. ओगर या राक्षसाचे आकडे घ्या आणि खेळाडूंना सांगा की चिखलातून शिंपल्यांनी मढलेला एक हात वर आला. नवा मॉन्स्टर तयार झाला, आणि त्याचे आकडे तुम्हाला पाठ आहेत.

आता त्या अडकलेल्या कॅम्पेनबद्दल, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त कळकळ त्या एका वाक्यात जाणवली. तुम्ही कमी पडलात असं समजू नका. हिशेब करून बघा. माझ्या अनुभवात तीन तासांच्या सेशनला छापील तयार गोष्टीची, म्हणजे अ‍ॅडव्हेंचरची सहा ते आठ पानं सरतात. अडीचशे पानं म्हणजे पस्तीस-छत्तीस सेशन. तुमच्या वर्षाला वीस सेशनच्या वेगाने पावणेदोन वर्षं लागतील, तीही खेळाडू वाट सोडून कुठे भटकले नाहीत तर. आणि भटकणं हाच तर या खेळाचा आनंद आहे. अशा जाड कॅम्पेन वाचायला सुंदर असतात, कारण त्या एका बैठकीत वाचल्या जातात आणि सगळे धागे लक्षात राहतात. टेबलावर मात्र पहिल्या प्रकरणातला सरदार शेवटच्या प्रकरणात परत येतो तेव्हा तो कोण होता हे कुणालाच आठवत नाही. मधे दीड वर्ष गेलेलं असतं.

तिला वाचवायचं असेल तर तिसरं प्रकरण तुमचं शेवटचं प्रकरण करा. खलनायकाला पुढे आणा, मधले प्रवास गाळा, तीन सेशनमध्ये शेवट करा. मी असं एकदा केलं आणि खेळाडूंना काही कापलंय हे कळलंही नाही. पुस्तकाच्या उरलेल्या भागातले नकाशे, गुहा, माणसं सुटी सुटी वापरता येतात, म्हणजे घेतलेलं वाया गेलं असंही नाही.

यापुढे अ‍ॅडव्हेंचर घ्याल तर छोटी घ्या, साठ पानांच्या आत. आणि घेण्याआधी नमुन्याची पानं उघडा, ड्राइव्हथ्रूआरपीजीसारख्या ऑनलाइन दुकानात ती बहुतेक पुस्तकांची दिसतात. प्रस्तावना सोडून द्या, प्रस्तावना सगळ्यांच्याच चांगल्या असतात. मधलं एखादं ठिकाण शोधा, एक खोली, एक वाडा, एक चौक. खेळाडू दारात उभे आहेत अशी कल्पना करा आणि घड्याळ लावा. त्यांना समोर काय दिसतं हे दहा सेकंदांत सापडतं का? आतला माणूस काय करतोय आणि त्याला काय हवंय हे लिहिलंय का? खेळाडूंनी लढण्याऐवजी त्याच्याशी बोलायचं ठरवलं तर पुढे काय, याची निदान एक ओळ आहे का? पुष्कळ अ‍ॅडव्हेंचरमध्ये या जागी त्या खोलीचा तीनशे वर्षांचा इतिहास दिलेला असतो, आणि तो खेळाडूंना कळण्याचा एकही मार्ग नसतो. तो इतिहास लेखकाने स्वतःसाठी लिहिलेला असतो. अशा पुस्तकाची किंमत तुम्ही दर शनिवारी रात्री मार्कर घेऊन कामाच्या ओळी शोधत मोजाल.

रिव्ह्यूंबद्दल एवढंच बघा: लिहिणाऱ्याने ते खेळलंय का? नवीन पुस्तकाचे पहिल्या आठवड्यातले रिव्ह्यू वाचून लिहिलेले असतात, आणि कागद, चित्रं, बांधणी यांचं कौतुक त्यात भरपूर असतं. ‘तिसऱ्या सेशनला आम्हाला असं आढळलं’ असं वाक्य दिसलं की थांबून नीट वाचा. रिव्ह्यू बघून घातलेली ती चार पुस्तकं या चाळणीतून एकदा काढा.

सेटिंगच्या पुस्तकाबाबत मी तुम्हाला फक्त एक प्रश्न विचारते: तुमचे खेळाडू ते वाचणार आहेत का? न वाचणाऱ्या चार जणांसाठी एका माणसाने पाठ केलेलं जग टेबलावर व्याख्यान होऊन बसतं. तुम्हाला ते जग स्वतःसाठी वाचायचं असेल तर तसंच मनाशी म्हणा आणि आनंदाने घ्या. आरपीजीची पुस्तकं वाचनासाठी घेणं हे पूर्णपणे चांगलं कारण आहे. गर्प्स या दुसऱ्या आरपीजीची सप्लिमेंट्स तो गेम कधीच न खेळणारे लोकही विकत घेतात, कारण एखाद्या कालखंडाची किंवा विषयाची माहिती त्यात नेटकी सापडते. माझ्या घरी अशा पुस्तकांचं शेल्फच वेगळं आहे. त्या शेल्फवरच्या पुस्तकाकडून मी टेबलावर काही मागत नाही, त्यामुळे ते न उघडल्याची टोचणीही लागत नाही. तुमची अडचण अशी आहे की वाचनाची आणि खेळाची पुस्तकं एकाच यादीत आहेत. यादीचे दोन कागद करा.

कागदी घ्यावं की पीडीएफ? तयारीला पीडीएफ, कारण शब्द शोधता येतो. टेबलावर ज्याची पानं सारखी उलटावी लागतात ते कागदी. बिट्स अँड मॉर्टर योजनेतल्या प्रकाशकांचं छापील पुस्तक त्यात सहभागी दुकानातून घेतलं तर पीडीएफ मोफत मिळते. एखाद्या वेबसाइटच्या खात्यातूनच दिसणारी डिजिटल आवृत्ती घेताना मात्र लक्षात ठेवा, ती फाइल तुमच्या हातात येत नाही.

कॉल ऑफ क्थुलूला माझा होकार आहे, आणि अकरांत हा एकच होकार मी न अडखळता देते. सँडी पीटरसन यांचा हा गेम १९८१पासून चालत आला आहे आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सहून इतका वेगळा आहे की तो खेळल्यावर तुम्ही आपल्या नेहमीच्या गेमकडेही नव्या नजरेने बघाल. इथे पात्रं सामान्य माणसं असतात, शंभरच्या फाशावर त्यांच्या कौशल्याचा टक्का बघतात, आणि लढणं हा बहुधा सगळ्यात वाईट उपाय असतो. तुमचे लढायांना सरावलेले खेळाडू दार उघडण्याआधी कान लावून ऐकू लागतील. सप्लिमेंटने असा बदल होत नाही, दुसऱ्या गेमने होतो, आणि नव्या गेमचं एक मुख्य पुस्तक हे चालू गेमच्या पाचव्या सप्लिमेंटपेक्षा मला नेहमीच जास्त मोलाचं वाटत आलं आहे.

पण पुस्तक लगेच घेऊ नका. सातव्या एडिशनचे क्विक-स्टार्ट नियम प्रकाशकांनी मोफत दिले आहेत आणि त्यात ‘द हॉन्टिंग’ ही अ‍ॅडव्हेंचर आहे, एक घर आणि त्यात राहायला गेलेल्यांचं काय होतं त्याची. पात्रं तयार करून हाती द्या आणि एका रविवारी ती चालवा. आवडलं तर जीएमचं म्हणजे कीपरचं पुस्तक घ्या. खेळाडूंचं वेगळं हँडबुक सुरुवातीला लागत नाही, कीपरच्या पुस्तकात पात्रं बनवण्यापुरतं सगळं आहे.

म्हणजे आज अकरांपैकी एकही नाही. तीन सेशन वही, मग कॅम्पेनचा शेवट, मग एक रविवार ‘द हॉन्टिंग’. त्यानंतर बहुधा एक पुस्तक, आणि कोणतं ते तुम्हाला तोवर कळलेलं असेल.

राहिली तुमची मैत्रीण. तिला तुमची तीन जाड पुस्तकं देऊ नका. पहिल्यांदा गेम चालवणाऱ्याच्या हातात हजार पानं ठेवली की तो चार महिने वाचतच बसतो. तिला डंजन्स अँड ड्रॅगन्सच चालवायचा असेल तर एक स्टार्टर सेट द्या. २०१४चा सेट कुणाकडे जुना पडला असेल तर उत्तमच: बत्तीस पानांचे नियम, चौसष्ट पानांची अ‍ॅडव्हेंचर, पाच तयार पात्रं, फासे, आणि नियम तुमच्या पुस्तकांशी जुळणारे. तेवढंही जड वाटत असेल तर जॉन हार्पर यांचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ मोफत आहे आणि अख्खा एका पानाचा आहे. ती रविवारी दुपारी वाचून संध्याकाळी चालवू शकते.

फक्त तिने अ‍ॅडव्हेंचर निवडली की तुम्ही ती उघडू नका. नमुन्याची पानंसुद्धा नकोत. दीड वर्षानंतर पहिल्यांदाच दारापलीकडे काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल.